बॉनेटवरची जागा

माझ्या बायकोला वाटतं, माझं असं काहीच नाही जे तिला ठाऊक नाही. माझा रक्तदाब तिला पाठ, माझी भांडणं तिला पाठ, दुकानात कुठल्या खणात मी बिस्किटं लपवतो तेही पाठ. पण हे तिला माहीत नाही. कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण — खरं सांगू? — कंटाळा आलाय. लपवण्याचासुद्धा कंटाळा येतो माणसाला. सहा वर्षं झाली. सुरुवातीला भीती होती, मग लाज होती, आता नुसता थकवा उरलाय.

डिचोलीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांवर नावं, नंबर, देवाचं चित्र, मालकाच्या पोरांची नावं — हे कापून चिकटवायचा धंदा. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकवाले दारात उभे असायचे, जेवायला फुरसत नसायची. आता दिवसाला दोन स्कूटर आल्या तरी मी देवाला हात जोडतो. देवाला — हं. देवाचं नाव मी किती सहज घेतो बघा.

राहायला मी सर्वणला. माझ्या घरापासून चार घरं सोडून शांतारामभाऊ राहायचे. मूळचे दोडामार्गकडचे. खाणीवर ट्रक चालवायला म्हणून आले आणि तीस वर्षं इथेच राहिले. बायको लवकर गेली. एकुलता एक मुलगा, सुदेश. त्याला त्यांनी एकट्याने वाढवला, स्वतः पेज करून घालायचे, स्वतः शाळेत सोडायचे. गावच्या देवाचं सगळं करायचे — जत्रेला पताका लावायच्या, पालखीला खांदा द्यायचा. गावातली काही माणसं तरी त्यांना 'भायलो' म्हणायचीच. बाहेरचा. तोंडावर नाही, पण म्हणायची. भाऊंच्या कानावर जायचंच ते. हसायचे आणि म्हणायचे, देवाने मला पालखीला खांदा देऊ दिलाय ना, मग पुरे.

सुदेशला बाविसाव्या वर्षी किडनीचा त्रास सुरू झाला. आठवड्याला दोनदा डायलिसिस. आणि त्या पोराला वेड होतं गाड्यांच्या शर्यतींचं! पेडण्याच्या सड्यावर, त्या लाल मातीच्या माळावर, वर्षातून एक-दोनदा शर्यती व्हायच्या. पेडण्यातल्या चार पोरांची एक टीम होती, स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी बांधून धावायची. सुदेश एक शर्यत चुकवायचा नाही. हाताला पट्टी तशीच, दोन बस बदलून जायचा, काजूच्या झाडाखाली बसून मोबाईलवर प्रत्येक फेरीची वेळ मोजायचा. टीमची पोरं पुढेपुढे त्यालाच विचारायची — सुदेश, किती झाली रे? तो सांगायचा आणि वर सुनवायचा, तिसऱ्या वळणावर तू झोपला होतास काय?

चोविसाव्या वर्षी गेला तो.

त्यानंतर वर्षभराने टीमने ते फोटोंचं काढलं. ज्याला जमतील तेवढे पैसे त्याने द्यायचे, त्याचा फोटो शर्यतीच्या गाडीवर लागणार, आणि त्यातून डायलिसिसच्या माणसांना हॉस्पिटलात न्यायला-आणायला एक गाडी ठेवायची. हे कुणाला बघून सुचलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मला कळत होतं. काम माझ्याकडे आलं. दोनेकशे चेहरे, प्रत्येक काडेपेटीएवढा, दारांवर, मडगार्डवर, मागे — आणि बॉनेटवर एकच मोठा. गाडी चालवणारा सर्वेश मला म्हणाला, काका, तुम्ही मजुरी घेत नाही, मग बॉनेट तुमचं. कुणाचाही लावा.

कुणाचा लावणार? माझ्या मुलीचा. मनस्वी तेव्हा सहावीत होती. मी घरी जाऊन सांगितलं आणि घरात लग्न ठरल्यासारखा गोंधळ. बायकोने पणजीत राहणाऱ्या बहिणीला फोन केला, ती म्हणे सगळ्यांना घेऊन बघायला येणार. मनस्वीने शाळेत सांगितलं, शाळेच्या बसच्या, बालरथाच्या ड्रायव्हरला सांगितलं, सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेरालासुद्धा सांगितलं. तो बिचारा सायकलवरून उतरून म्हणाला, अरे वा!

मग एक दिवस शांतारामभाऊ दुकानात आले. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला. सुदेश, टीमची टोपी घातलेला, हसतोय. दोन्ही हातांनी फोटो माझ्यापुढे धरून म्हणाले, "खंयय लाव. चाकाजवळ लावलंस तरी चलात."

एवढंच मागितलं त्यांनी. काडेपेटीएवढी जागा. चाकाजवळ, जिथे सगळ्यात जास्त चिखल उडतो.

मी फोटो स्कॅन केला आणि बाकीच्यांबरोबर सर्वेशला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन. म्हणाला, काका, बॉनेटवर हाच लावूया. तुम्हाला चालेल ना? मी म्हटलं, अरे चालेल म्हणजे काय, विचारतोस कसला! आणि तेव्हा मला ते मनापासून वाटलं होतं, निदान मला आठवतं तसं. भाऊंना मी तिथल्या तिथे सांगितलं. ते माझ्या कदेलीवर, खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, अर्धा ग्लास प्यायले आणि उरलेला ग्लास हातात धरून बराच वेळ तसेच बसून राहिले.

संध्याकाळी घरी गेलो. सांगू शकलो नाही. मनस्वी फोटोसाठी दोन वेण्या घालू की एक, हे विचारत होती. दुसऱ्या दिवशीही नाही सांगितलं. आणि मग — हे लिहायला हात जड होतो, पण लिहितो — मला त्या मेलेल्या पोराचा हेवा वाटायला लागला. हो, हेवा! गेला तरी सगळ्यांच्या तोंडी तोच. टीमची पोरं त्याचंच नाव घेणार, आणि आता बॉनेटही त्यालाच. माझी जिवंत, हसतीखेळती मुलगी काय वाईट होती? असा विचार करणारा बाप तुम्ही पाहिलाय कधी? मी रोज दाढी करताना पाहतो.

नसतं काही झालं तर मी मुकाट्याने सुदेशचा फोटो लावला असता, मनस्वी एक दिवस रुसली असती, विषय संपला असता. पण सर्वेशची आई मध्ये पडली. गेलेल्या माणसाचा फोटो धावत्या गाडीवर? आणि आत माझा मुलगा बसणार? आईचा जीव तो, तिला काय म्हणणार? सर्वेश मला म्हणाला, आई ऐकत नाही. काका, तुमच्या गावच्या देवाचा कौल घ्या. सुदेश तुमच्याच गावचा. तुमचा देव कौलाला कडक, असं आईनेही ऐकलंय. त्याने हो म्हटलं तर ती गप्प बसेल.

कौल म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, तरी सांगतो. पुजारी देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतो — बा देवा, असं असं आहे, तुझी मर्जी काय ते सांग. आणि मग सगळे श्वास धरून बघत राहतात. उजवी पाकळी पडली तर देवाने हो म्हटलं. डावी पडली तर नाही. लग्न, घर, विहीर, नोकरी — आमच्याकडे असं काही नाही जे देवाला न विचारता होतं. आणि एकदा कौल झाला की त्यावर कुणी बोलत नाही. वकील असो, आमदार असो, सगळे मान खाली घालून घरी जातात.

सोमवारी सकाळी मी गेलो. नारळ घेतला होता, फुलं घेतली होती. विचारणारच होतो, हे खरं आहे. पण गाभाऱ्याला कुलूप. पुजारी मये गावी कुणाच्या तरी मुंजीला गेले होते, दुपारपर्यंत येतील असं झाडलोट करणारी बाई म्हणाली. मी सोप्यावर बसलो. थांबायचं होतं. काय घाई होती? दुकानात काय गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती?

तेवढ्यात सर्वेशचा फोन. काका, झाला का कौल?

मी म्हटलं, "झाला. डावा पडला."

बस. एवढंच. तोंडातून कसं निघालं? सहा वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय, पण त्यात काही अर्थ नाही, मला माहीत आहे कसं निघालं. कुलूपबंद देवळाच्या सोप्यावर बसून, नारळ मांडीवर ठेवून, मी देवाच्या नावाने खोटं बोललो. फोन खिशात टाकल्यावर सगळ्यात आधी मला बरं वाटलं. हायसं वाटलं! ते हायसं वाटणं मला अजून आठवतं. मग नारळ पायरीवर ठेवला आणि निघालो.

सर्वेश म्हणाला, काका, भाऊंना तुम्हीच सांगा, तुमच्या ओळखीचे. मला वाटलं होतं, भाऊ हिरमुसतील, दोन दिवसांनी विसरतील. मूर्ख! मी गेलो तेव्हा ते अंगणात सुदेशची जुनी चप्पल धुऊन वाळत घालत होते. सांगितलं. ते म्हणाले, परत विचारूया. गाऱ्हाण्यात कायतरी चुकलं असेल. चाकाजवळ म्हणून विचारूया, बॉनेट नको. तसं विचारता येतं आमच्याकडे. शब्द बदलून, नमतं घेऊन, देवाला पुन्हा विचारतात. ते मी विसरलोच होतो. आणि पुन्हा विचारायला ते स्वतः गेले असते तर?

मी म्हटलं, भाऊ, तीनदा विचारलं. तीनदा डावाच.

"तीनदा?"

हो, म्हटलं, तीनदा. चाकाजवळ म्हणूनपण विचारलं. मी वर आणखी तपशील दिले — पहिली पाकळी बराच वेळ हललीच नाही, दुसरी लगेच पडली. एकदा सुटलेलं तोंड मला आवरताच आलं नाही. बोलता बोलता त्या पाकळ्या मला दिसायलाही लागल्या होत्या. भाऊ माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर मी बहुतेक कबूल केलं असतं. एखादा माणूस डॉक्टरकडे बघतो ना, तसे बघत होते. म्हणाले, "माझ्या झिलाचा काय चुकला रे? कित्याक नाय म्हटल्यान?"

मी म्हटलं, देवाचं आपल्याला काय कळणार.

मग त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, हे गावात कुणाला सांगू नको. आधीच आम्हाला भायलो म्हणतात. आता देवानेही माझ्या पोराला नको म्हटलं असं कळलं, तर लोक काय म्हणतील? मी शब्द दिला. समजतंय तुम्हाला? माझं खोटं उघडकीला यायची एकच वाट होती — भाऊंनी पुजाऱ्याला विचारणं. ती त्यांच्या लाजेने बंद करून टाकली. मला काहीच करावं लागलं नाही.

सुदेशचा फोटो मी कुठेच लावला नाही. देव नको म्हणाला होता ना! पण बॉनेटवरचा मोठा प्रिंट तोवर काढून झाला होता. टोपी, हसू, सगळं दोन हात लांब. तो मी गुंडाळून माळ्यावर टाकला, पुढे वाळवीने खाल्ला. मनस्वीचा लावला. दोन वेण्यांचा.

शर्यतीला भाऊ आले होते. मला वाटलं नव्हतं येतील. काजूच्या त्याच झाडाखाली उभे होते. गाडी निघण्याआधी जवळ आले, बॉनेटकडे बघितलं, म्हणाले, "बरा दिसता चेडवाचा फोटो." मनस्वीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला खाज्यांचा पुडा दिला. माझी मेव्हणी विचारत होती, हे कोण? शेजारी, म्हटलं. दुसऱ्या फेरीला गाडी लाल चिखलाने माखली, एकही चेहरा ओळखू येईना. कितवी आली तेही आता मला आठवत नाही. मनस्वीला विचाराल तर तिला त्या दिवसातलं खाजंच तेवढं आठवेल.

त्यानंतर भाऊ देवळात शिरले नाहीत. यायचे, पण दीपस्तंभापाशी थांबायचे. तिथूनच हात जोडायचे. पालखीला बोलावलं तर म्हणायचे, खांदा दुखतो. गावाने मानलं, वय झालं असेल. आत सगळे आरती करताहेत आणि बाहेर उन्हात एक म्हातारा उभा — दर सोमवारी. मी आतून बघायचो. आरती संपली की मीच त्यांना बाहेर प्रसाद नेऊन द्यायचो. तुम्ही म्हणाल, अरे, ती पन्नास पावलं चालताना तरी सांगायचंस! चाललो की ती पन्नास पावलं. कितीतरी सोमवार. दर वेळी प्रसाद दिला आणि परत आत गेलो. लोक म्हणायचे, बघा, किती करतो शेजाऱ्याचं.

ते उपाय करत होते, हे मला नंतर कळलं. कुणीतरी सांगितलं म्हणून गोकर्णाला जाऊन सुदेशच्या नावाने विधी करून आले. मग आणखी कुठे. पोराच्या आत्म्याला काय लागलंय, कसला दोष राहिलाय, हे शोधत हिंडत होते. जो पोरगा कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्याच्यात त्याचा बाप दोष शोधत होता. मी शोधायला लावलं. एकदा मला म्हणाले, तो सुईला कंटाळून देवाला शिव्या द्यायचा कधीकधी, त्यामुळे असेल काय रे? मी काय म्हटलं असेल? म्हटलं, असेल.

असेल म्हटलं मी!

देवाला मग तरी विचारलंस का, असं कुणी मला विचारलं तर — नाही. त्या दिवसापासून मी कौलाला उभा राहिलेलो नाही. घरचं काही असलं की बायकोला पुढे करतो, म्हणतो, तुझ्या हाताला यश आहे. सुदेशचं देवाला कधीच विचारलं नाही. उजवा पडला असता तर काय केलं असतं?

गेल्या महिन्यात शांतारामभाऊंनी घर सोडलं. दोडामार्गकडे पुतण्या आहे, त्याच्याकडे कायमचं जायचं ठरवलं. गावाने थोडा आग्रह केला, मीही केला, तोंड वर करून. ते म्हणाले, तीस-पस्तीस वर्षं राहिलो, पण इथल्या देवाने आपलं म्हटलं नाही, आता मरायला तरी आपल्या देवाकडे जातो. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा असंच काहीतरी बोलतोय. मला एकट्याला माहीत होतं, ते काय बोलताहेत ते.

डिचोलीच्या स्टँडवर त्यांना मीच सोडायला गेलो. एक ट्रंक, दोन पिशव्या. बसमध्ये चढण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. डोळे भरून आले होते त्यांचे. म्हणाले, "इतक्या वर्सांत तू कोणाक सांगलंस नाय. माझ्या झिलाची लाज राखलंस. तुझे उपकार आसत माझ्यार."

आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी म्हटलं, त्यात काय, भाऊ. ट्रंक आत चढवली, त्यांना खिडकीजवळची जागा धरून दिली. बस सुटायला दहा मिनिटं होती. ती दहाही मिनिटं मी खिडकीखाली उभा राहिलो, आणि यंदा काजू कसा आलाय यावर आम्ही बोललो.